हमालाचं नाव कोण विचारतो

त्या भाषणाचा व्हिडिओ अजून लोकांच्या मोबाइलवर फिरतो. दरवर्षी कोणीतरी तो मलाच पाठवतं, खाली जोडलेल्या हातांची चित्रं. स्वतःचा आवाज सुरू झाला की मी तो बंद करतो.

मी मस्कतच्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायचो. निवृत्त झालो तेव्हा मराठी मंडळींनी शहरातल्याच कुरुम भागातल्या एका सभागृहात माझं व्याख्यान ठेवलं. विषय होता, आज जग वापरतं ते अंक मध्ययुगात युरोपात रुजवणारा इटलीतल्या पिसा शहराचा गणिती. हकीकत साधी आहे. बाप उत्तर आफ्रिकेच्या बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम पाहायचा. पोरगा तिथे, अरबांच्या मुलखात, हे अंक शिकला. पुढे त्यावर पुस्तक लिहिलं, आणि अंक भारतीयांचे, आपण ते कुठे शिकलो, हे सुरुवातीलाच सांगून टाकलं. मला हे सगळं ठाऊक होतं.

पण टाळ्या पडत होत्या, आणि टाळ्यांची चटक घाणेरडी. मी त्याला चोर म्हटलं. आमचं शून्य चोरून मोठा झाला म्हटलं. सभागृह उठून उभं राहिलं. अरबांचं नाव मी घेतलंच नाही.

पहिल्या रांगेत माझा रत्नागिरीचा मित्र होता. मस्कतपासून दूर, निझवा गावच्या बाजारात त्याचं खजुराचं दुकान. मी ओमानला नवा आलो तेव्हा अरबी आकडे त्यानेच शिकवले. आपल्या शून्यासारखं दिसतं ते इथे पाच, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. हे न कळल्याने मी एकदा भलत्याच घराची बेल दाबली होती. ते आठवून तो वर्षानुवर्षं हसायचा.

तो उभा राहिला. "मास्तर, ह्या चोराला आकडे शिकवले कोणी, तेवढं सांगायचं राहिलं की!"

थट्टेच्या सुरात तो मला वाट काढून देत होता. मी माइक जवळ ओढला. "भाई, माल पोचला ना? मग हमालाचं नाव कोण विचारतो?"

हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडलं, "यल्ला, चला, बसा आता!" तो बसला नाही. माझ्यासाठी आणलेला खजुराचा डबा खुर्चीवर ठेवून निघून गेला.

जेवताना लोकांनी तोच डबा फोडला. चिकट बोटांनी माझे हात दाबले. चघळलेल्या बिया कागदी ताटल्यांत, उरलेल्या श्रीखंडात रुतून पडल्या होत्या. मीही दोन खजूर खाल्ले. ती किळस जात नाही.

नंतर मी मंडळाच्या चिटणिसांना म्हणालो, पुढच्या कार्यक्रमात मला दुरुस्ती करू द्या.

"खलास झालं ते, सर! लोकांना आवडलंय, उगाच कशाला?"

म्हणून इथे लिहितो. तो गणिती चोर नव्हता. ज्याचं त्याला देऊन तो मोकळा झाला होता.

निझव्याला मी त्यानंतर एकदाच गेलो. मित्र तराजूपाशी होता. मी तोंड उघडणार, तोच त्याने कोणाही गिऱ्हाइकाला देतात तसा एक खजूर माझ्या हातावर ठेवला.

"खाऊन बघा, साहेब. किती बांधू?"

मी म्हणालो, "एक किलो."