ओळ नावाने मागायची

सासूबाईंच्या आजारपणात मी नोकरी सोडली. त्या गेल्यावर पुन्हा कामाला लागायचं ठरवलं तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. दादरला, साड्यांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावरच्या छोट्या ऑफिसात मला घेतलं. वेबसाइट करून द्यायचं काम. मला शिकवायला जी मुलगी दिली ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी लहान. लालबागची, बोलणं एकदम फटाफट. पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हटलं तर हसत सुटली.

"मॅडम काय? तू म्हण मला. मी तुला ताई म्हणेन, पण तूच म्हणेन. चालेल?"

चाललं.

परळच्या एका संस्थेची साइट आमच्याकडे होती. बाहेरगावाहून उपचाराला येणाऱ्या पेशंटच्या घरच्यांना ही संस्था राहायला खोली देते. रोज सकाळी तिथल्या काकू स्क्रीनवर बघून नावं पुकारायच्या. एकदा त्यांचा फोन आला, तो नेमका मी उचलला.

"अहो, नावाच्या जागी गावं दिसतायत इथे! आणि गावाच्या जागी फोन नंबर. मी पुकारू काय?"

मी तिला सांगितलं. ती उठलीच. "चल, तिथेच जाऊन बघू." बस पकडून आम्ही परळला पोचलो.

व्हरांड्यातल्या बाकांवर माणसं बसली होती, पायाशी पिशव्या, मांडीवर एक्स-रेची मोठी पाकिटं. काकूंनी नाइलाजाने "बार्शी!" असं पुकारलं होतं आणि दोन घरं उभी राहिली होती. एक मायलेकी, आणि एक एकटे आजोबा, ज्यांची बायको हॉस्पिटलात होती.

"नाव घ्या की ओ बाई," आजोबा म्हणत होते, "बार्शीत काय मी एकटाच ऱ्हातो व्हय?"

बाकावरची माणसं हसली. आजोबा मात्र हसत नव्हते.

काकूंच्या कॉम्प्युटरवर तिने आमचं पान उघडलं आणि लगेच मान डोलावली. "हे बघ ताई. टेबलमधून पेशंटची ओळ येते ना, ती जुन्या कोडमध्ये नंबराने वाचलीय. पहिल्या खणात गाव, दुसऱ्यात नाव, असं धरून. काल यांनी फोनचा खण वाढवून मागितला, तो सगळ्यांच्या पुढे बसला, आणि मागचे सगळे एकेक घर सरकले."

"मग नंबर एकेकाने वाढवू?"

"आज वाढवशील. पुढच्या खणाला परत हेच. त्यापेक्षा ओळ ऑब्जेक्ट म्हणून माग. मग तिला थेट विचारायचं, नाव काय, गाव काय. खण कुठेही असू दे, बरोबर तेच मिळणार."

आणि खुर्चीवरून उठली. "बस."

"इथे? अगं, एवढी माणसं खोळंबलीयत."

"तुला येतंय. मी आहे ना."

मी बसले. कोडमध्ये ओळ आणायची जागा एकच होती, ती बदलली. मग पानभर जिथे जिथे आकडा होता तिथे खणाचं नाव लिहीत गेले. पहिल्यांदा पान उघडलं तर नावांची जागा कोरीच. तिने एका शब्दावर बोट ठेवलं. स्पेलिंगमध्ये एक अक्षर राहिलं होतं. ते घातलं आणि सगळी नावं आली.

काकूंनी आजोबांचं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट खणखणीत पुकारलं.

"हां, आता कसं!" म्हणत त्यांनी पिशवी उचलली. मायलेकींचं नाव लगेच खालीच होतं, त्यांनाही वरच्या मजल्यावर खोली मिळाली. आजोबांची बायको बरी होऊन गावी गेली, हे काकूंनी नंतर कधीतरी फोनवर सांगितलं.

ऑफिसात शिरताच सरांनी विचारलं, "झालं का परळचं?"

"ताईने केलं," ती म्हणाली आणि पाण्याची बाटली भरायला गेली.

मी खाली मान घालून बसले, कारण डोळे भरून आले होते. कितीतरी वर्षं कुणी "काय करता?" विचारलं की मी "घरीच असते" म्हणून विषय बदलायचे.

संस्थेने पुढे आणखी दोन-चार खण वाढवून घेतले. तक्रारीचा फोन आला नाही.

ती आता बंगळुरूला असते. गेल्या दिवाळीला फोनवर मी तिचे आभार मानले, तर तिला ती सकाळ आठवतसुद्धा नव्हती. सगळं सांगितल्यावर म्हणाली, "अगं, एवढं तर कुणीही करतं."

कुणीही करत नाही. तिच्याआधी ज्या ऑफिसांत मी अर्ज केले होते, त्यांनी मला मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं.