अण्णांचा करकोचा

पक्षी बघायला जाणाऱ्याला पक्षी दिसतील याची खात्री नसते. किस्से मात्र दर रविवारी मिळतात! कोल्हापुरात आमचा सात-आठ जणांचा ग्रुप नव्वदच्या दशकात जमला. तेव्हापासून साठलेलं सगळं सांगायला बसलो तर थर्मासभर चहाही पुरायचा नाही.

*

ग्रुपची एक वही होती. ती चौगुले सरांच्या ताब्यात. सर म्हणजे जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर, त्यामुळे नियम कडक. पक्षी दोघांनी बघितला तरच वहीत पक्का. एकट्यानं बघितला तर नावापुढं प्रश्नचिन्ह!

आमचे अण्णा मार्केट यार्डातले गुळाचे अडते. एकदा ते एकटेच कळंबा तलावावर गेले आणि काळा करकोचा बघून आले. आमच्याकडं फारच दुर्मिळ! काळं अंग, लालभडक चोच, लाल पाय, सगळं त्यांनी बरोबर सांगितलं. सरांनी शांतपणे नाव लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

"म्हंजे मी खोटं बोलतोय व्हय?" अण्णा कडाडले.

"खरंच बोलताय. पण एकटंच बोलताय," सर म्हणाले.

ते प्रश्नचिन्ह अण्णांच्या जिव्हारी लागलं. दर रविवारी आल्या आल्या ते वही उघडून बघायचे, आहे का गेलं!

*

पुढच्याच हिवाळ्यात तलावावर अण्णा कुजबुजले, "आला!" अण्णांचं कुजबुजणं म्हणजे सौद्यातली आरोळी. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. पण झुडपाआडचं ते काळं काही हललं नाही. वर लाल चोचही दिसत होती. आम्ही सगळे चिखलातून पोटावर सरपटत निघालो. माझी एक चप्पल त्या चिखलात गेली ती गेलीच.

जवळ पोचलो तर म्हशी राखणारा म्हातारा म्हणाला, "पावणं, छत्री पायजे तर न्या की! सरपटत कशाला येतायसा?"

लाल मुठीची काळी छत्री, मिटून चिखलात रोवलेली!

त्यानंतर वर्षभर आम्ही दुष्टासारखं विचारत होतो, "अण्णा, तुमच्या करकोच्याला काड्या किती होत्या?"

*

शिरोळकडं टेलिस्कोप स्टँडवर लावला की गर्दी ठरलेली. एका उन्हाळ्यात एक शेतकरी सातबारा घेऊनच आला. आम्ही मोजणीवाले, अशी त्याची समजूत! "शेजाऱ्यानं बांध कोरलाय सायेब, बघा जरा." एवढ्यात शेजारीही आपला सातबारा घेऊन हजर.

सरांनी गंभीरपणे टेलिस्कोपमधून बांध बघितला. "बांधावर टिटवीची अंडी आहेत. पिल्लं निघेपर्यंत दोघांनीही हात लावायचा नाही."

पंधरवड्यानं गेलो, तर दोघं एकाच घोंगड्यावर बसून अंडी राखत होते!

*

शिवाजी पेठेतला आमचा बापू तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. ऐन मॅचमध्ये डोक्यावरून बहिरी ससाणा गेला. बापूनं वर बघितलं आणि खालून गोल! पेठेनं त्याला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

बापूचं दुःख वेगळंच होतं. रविवारी वहीतलं प्रश्नचिन्ह बघून तो म्हणाला, "स्टेडियमभर माणसं हुती सर, पण एकानंबी वर बघितलं न्हाय!"

अण्णांनी त्याला जवळ ओढलं. "बस हितं, माझ्याशेजारी."

*

आणि मग तो दिवस. अण्णांच्या करकोच्याला आठ वर्षं झाली होती. सकाळी सरांचा फोन आला, "कळंब्याला या. पळत या!" मी ऑफिसला दांडी मारून स्कूटर हाणली. सगळे जमले होते. काठावर, उन्हात, काळा करकोचा! लाल चोच, लाल पाय, आणि ह्या वेळी चालतसुद्धा होता! बापू नाचत होता, आवाज न करता. सरांचे डोळे भरून आले होते. आम्ही एकमेकांना टेलिस्कोपपासून ढकलत होतो.

फक्त अण्णा नव्हते. सौद्याच्या गडबडीत दुकानातला फोन कुणी उचललाच नव्हता. बापूनं एक रुपयाच्या फोनच्या डब्यावरून परत लावून दुकानात निरोप दिला आणि आम्ही जीव मुठीत धरून बसलो. अण्णा येईपर्यंत उडू नको रे बाबा!

अर्ध्या तासानं गुळाचा टेम्पो धूळ उडवत आला. अण्णा सौदा अर्धवट सोडून आले होते.

"अण्णा, लवकर! डोळा लावा हितं!" सर ओरडले.

"आदी वही."

सरांनी वही दिली, टोपण काढून पेनही दिलं. अण्णांनी चष्मा पुसला, आठ वर्षांपूर्वीचं पान काढलं आणि ते प्रश्नचिन्ह सावकाश, दोनदा खोडलं. तेवढ्यात करकोच्यानं पंख पसरले आणि तो उसावरून दिसेनासा झाला.

"अण्णा, गेला की हो! तुमचा बघायचा ऱ्हायला!" बापू कळवळला.

अण्णांनी वही मिटून सरांच्या हातात दिली.

"मी बघितलाय की! तुमचंच बघायचं ऱ्हायलं हुतं."