मॅडमचं सर्टिफिकेट

“थोडक्यात सांग,” असं म्हणून मॅडम हातातला खडू टेबलावर उभा ठेवायच्या आणि पुढचा अर्धा तास स्वतःच बोलायच्या. असा एखादा नमुना तुमच्याही पाहण्यात असेलच.

जवळच्याच माहीमच्या वाडीतली केळी पिशवीत घालून रोज बोईसरला येणाऱ्या या बाईंनी आमच्या कॉलेजात ओपन सोर्सचा सर्टिफिकेट कोर्स काढला. काही प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुले असतात, त्यांत कोणीही दुरुस्ती सुचवावी, अशी ती भानगड. मी इतिहास शिकवतो; मला तेवढंच कळलं. नियम एकच: कुणा अनोळखी माणसानं तुमची दुरुस्ती स्वीकारली, तरच सर्टिफिकेट.

“घरच्यांनी वा वा केली, तिला काय अर्थ हाय?” मॅडम म्हणायच्या.

एका मुलाची दुरुस्ती स्वीकारली गेली मात्र, अख्खा वर्ग वरातीसारखा त्याच प्रोग्रॅमवर जाऊन धडकला. तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या पलीकडच्या गृहस्थानं दुरुस्त्यांना दारच लावून घेतलं. मॅडमनी माफी मागायला लावली, तर प्रत्येकानं वेगवेगळी मागितली. तो बिचारा पुन्हा हैराण!

पुढे पोरं सुधारली, एकेक पास होत गेलं. समारंभ ठरला. यंदा सर्टिफिकेटं वाटली नाहीत तर कोर्स बंद, असं प्राचार्यांनी बजावलं. आणि मॅडम सहीच करेनात.

“मीच अजून नापास हाय. नापास बाईची सही चालंल काय?”

त्यांनीही एक दुरुस्ती पाठवली होती आणि ती सारखी परत येत होती. शेवटी मनोरहून येणारी एक विद्यार्थिनी त्यांच्या शेजारी बसली. तिनं वाचलं आणि ओढणी तोंडाला लावली.

“मॅडम, दुरुस्ती एका ओळीची हाय, आन् तुमी त्याला पानभर लेक्चर दिलंय.”

“मग त्याला समजायला नको?”

“थोडक्यात सांगा, मॅडम.”

मॅडमनी निमूटपणे पान पुसलं आणि एकच ओळ ठेवली.

समारंभाच्या सकाळी होकार आला. मॅडम अशा उड्या मारू लागल्या की पिशवीतली केळी चेंगरली. आम्ही ती तशीच खाल्ली. मग भराभर सह्या झाल्या. स्वतःच्या सर्टिफिकेटावर मात्र त्यांनी त्या मनोरच्या मुलीचीच सही घेतली.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण लांबणार म्हणून आम्ही आधीच चहा पिऊन बसलो होतो. त्या उठल्या, खडू टेबलावर उभा ठेवला आणि म्हणाल्या,

“येते.”

एवढंच. त्या गेल्यावरही खडू तसाच उभा होता. तो उचलायला कोणी पुढे होईना.