खुला थर्मोस्टॅट

दुर्गापूजेच्या आधीपासून आमच्या गाडीत थर्मोस्टॅट नव्हता, आणि हे आम्हाला संक्रांत तोंडावर आल्यावर कळलं.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली एक छोटी झडप. इंजिन गार असताना ती बंद राहते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं. पुरेसं तापलं की झडप उघडते. इंजिनाला ठरावीक ऊब लागते. ती मिळाली नाही तर ते जास्त पेट्रोल पितं, धूर सोडतं आणि आतून झिजतं. हे एका पत्रकात बसतं. मी असली पत्रकं लिहिते, एस्प्लनेडला मेट्रोच्या दारात उभी राहून वाटतेही. ‘तुमच्या गाडीचा धूर कोणाच्या छातीत जातो?’ वगैरे. लोक घेतात, घडी घालतात, त्यात झालमुडी, म्हणजे इथली सुकी भेळ, खातात.

तर पूजेच्या आधी आमची गाडी घराजवळच, आमच्या बेहाला भागात, उकळली. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने पाहिलं आणि सांगितलं, थर्मोस्टॅट बंद होऊन अडकलाय. संध्याकाळी बाबा गाडी आणायला गेले तेव्हा तो म्हणाला, “थर्मोस्टॅट खुले दियेछि, दादा. आर गरम होबे ना.”

बाबा खुशीत घरी आले. “अडकला होता, खुला करून दिला त्याने. आता तापणार नाही म्हणाला.”

बँकेने बाबांची बदली इथे बंगालात केली तेव्हापासून ते बंगाली बोलतात. म्हणजे मराठीच बोलतात, तोंड जरा गोल करून. बहुतेक वेळा भागतं. इथे भागलं नाही. बंगालीत ‘खुले देणं’ म्हणजे काढून टाकणंसुद्धा. त्याने झडप काढून भंगारात टाकली होती. काही लपवलं नव्हतं, तोंडावर सांगितलं होतं. आणि बंद अडकलेली वस्तू कुणी ‘खुली’ केली म्हटल्यावर मराठी माणूस आणखी काय समजणार?

गाडी बाबांची हौस असती तर मी हे लिहिलं नसतं. गाडी म्हणजे आईचे पाय आहेत. तिचे गुडघे गेलेत. घरचे तीन जिने कठडा धरून कशीबशी उतरते, पण मेट्रोचा जिना जमत नाही, बसची पायरी त्याहून नाही. भाड्याच्या गाड्या गल्लीच्या तोंडाशीच थांबतात आणि तिथपर्यंत तिला चालवत नाही. फक्त बाबा आरसे मिटून गाडी उलटी आत घेतात, थेट जिन्याला लावतात. त्या गाडीतून ती फोर्ट विल्यमला जाते, तिच्या एका मैत्रिणीच्या क्वार्टरवर. मैत्रिणीचा नवरा फौजेत. तिथे आणखी चार-सहा मराठी बायका जमतात. आईला बंगाली येत नाही, हिंदी कामापुरती. बाबा आणि मी दिवसभर बाहेर, आणि घरी असले की मी फोनवर कुणाशी तरी बंगालीत भांडत असते. महिनाभराचं मराठी ती तिथे एका दुपारी बोलून घेते. संक्रांतीचं हळदीकुंकू तर तिच्यासाठी वर्षाचा सण.

हिवाळाभर गाडीचा तापमानाचा काटा तळाशी झोपून होता. बाबांना त्याचं कौतुक. “बघ, हलत नाही.”

“तुमच्यावर गेलीय गाडी,” आई म्हणाली. “सकाळी उठवेपर्यंत जीव जातो.”

मग पेट्रोलचा वास यायला लागला. मग काळा धूर. एस्प्लनेडला पत्रकं वाटणाऱ्या माझ्या सोबतिणीने एकदा मला त्या गाडीतून उतरताना पाहिलं. म्हणाली, “दिदी, पहिलं पत्रक काकाबाबूंच्या, तुझ्या बाबांच्या, गाडीच्या काचेला चिकटव.” मी हसले नाही. पुढच्या आठवड्यात गाडी प्रदूषणाच्या तपासणीत नापास झाली, तेव्हा मी स्वतः गॅरेजवर गेले आणि ‘खुले देण्या’चा खरा अर्थ कळला.

मी त्याला विचारलं, का काढलात?

“हा गरम देश आहे, दिदी. ते बर्फाच्या देशात लागतं. मी सगळ्यांचंच काढतो.” हे सांगताना त्याने माकडटोपी घातली होती आणि वर मफलर. बाहेर ऊन होतं.

“तुम्हाला थंडी वाजते आणि इंजिनाला वाजत नाही?”

तो मनापासून हसला आणि त्याने माझ्यासाठी चहा मागवला. कंपनीच्या फाटकापुढे मी दोन तास घसा फोडू शकते. हातात समोरच्यानेच पाजलेला चहा असताना काय करायचं, हे आम्हा आंदोलनवाल्यांना कुणी शिकवलेलं नाही. पुढच्या गॅरेजमध्येही तेच उत्तर मिळालं, गरम देश. मागणी करायची कुणाकडे? निषेध कुणाचा? सगळे एकाच सुरात, प्रेमाने, चुकीचं सांगत होते.

शेवटी एकाने नवीन झडप आणवून बसवली. बाबा गाडी घेऊन निघाले, मी शेजारी. काटा हळूहळू चढत मध्यावर आला. तिथेच यायला हवा होता. पण बाबांनी इतके महिने तो तळाशीच पाहिलेला. घाबरून त्यांनी डायमंड हार्बर रोडच्या मधोमध इंजिन बंद केलं. मागे हॉर्नचा गदारोळ. “अहो बाबा, हे बरोबर आहे,” मी सांगत होते, आणि आरशात मला निळा धूर दिसत होता. पेट्रोलचा धूर काळा असतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. परत नेली. मेकॅनिकने ऑइलचं झाकण उघडलं तर आत लस्सीसारखा फेस, ऑइलमध्ये पाणी. गारठ्यात चालून चालून इंजिन झिजलं होतं. “सगळं इंजिन उतरवावं लागेल,” तो म्हणाला, “आणि एवढ्या जुन्या गाडीला ते करावं असं मी सांगणार नाही.” गाडी तिथेच राहिली.

हळदीकुंकवाच्या दुपारी मी ॲपवरून गाडी बोलावली. गल्लीच्या तोंडाशी जाऊन ड्रायव्हरला हात जोडले, आत घ्या, आईचे पाय दुखतात. त्याने गल्लीत डोकावून पाहिलं, लावलेल्या स्कूटरी पाहिल्या, “होबे ना” म्हणाला आणि गेला. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसरा तर आलाच नाही.

मी परतले तेव्हा आई तिन्ही जिने उतरून खालच्या पायरीवर बसली होती. काठापदराची साडी, मांडीवर गुळाच्या पोळ्यांचा डबा. बाबा कठड्याला धरून उभे.

“येतेय का?”

“बघते,” मी म्हणाले. आमच्या घरात बघते म्हणजे काय, ते तिला ठाऊक आहे.

तिने मैत्रिणीला फोन लावला. तिकडून एकदम पाच-सहा आवाज आले, कुणी उखाणा घेत होतं, कुणी हसत होतं, भांडी वाजत होती. फोन हातोहात फिरत असावा. आई फोन कानाला घट्ट लावून “हो, हो” म्हणत राहिली, एकदा हसलीही. मग ठेवला.

“कोण कोण आलंय?” बाबांनी विचारलं.

“काही कळलं नाही हो,” ती म्हणाली. “सगळ्या एकदम बोलत होत्या.”