सुलभावहिनींचा निरोप

निरोप मी दिला होता. सुलभावहिनींचा निरोप मी दडवला नाही, असं मी स्वतःला इतकी वर्षं समजावत आलो. पण ज्या माणसाकडे दिला, त्याच्याकडून तो पुढे जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, की नुसता संशय होता? इथे माझा अजूनही गोंधळ होतो. चूक मात्र माझी. ती सांगायची तर आधी वहिनींबद्दल सांगायला हवं.

लालबागच्या आमच्या चाळीत आमच्यापासून तिसऱ्या खोलीत त्या राहायच्या. त्यांचा नवरा दत्तादादा गिरणीत विणकर होता. संपानंतर गिरणीने त्याला परत घेतलं नाही. तो दारात खुर्ची टाकून बसला तो बसलाच. वहिनी खानावळ चालवायच्या. तेव्हा संपाला पंधरा-सोळा वर्षं उलटली असतील. बारावीनंतर मी परळच्या एका कॉलेजात संध्याकाळच्या आयटीच्या कोर्सला नाव घातलं, आणि पहिल्याच दिवशी पाहतो तर पुढच्या बाकावर वहिनी.

"तुम्ही इथे?" मी विचारलं.

"का रे मंग्या, बाकावर तुझं नाव लिहिलंय?"

वर्गात त्यांची एक सवय होती. काही कळलं नाही की हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "सर, थांबा. माझं डोकं मागे राहिलं. परत सांगा." पोरं हसायची. मीही हसायचो. खरं तर आम्हा सगळ्यांचीच डोकी मागे राहिलेली असायची. मी मान डोलवायचो आणि वहीत उतरवून घ्यायचो, एवढाच फरक.

एकदा सरांनी फळ्यावर लिहिलं, एक्स बरोबर एक्स अधिक एक. हात वर.

"सर, हे खोटं आहे. एक्स स्वतःपेक्षा एकाने मोठा कसा होईल?"

सर आधी चिडले, मग गडबडले, मग खडू ठेवून म्हणाले, "बाई, एक्स म्हणजे डबा समजा. डब्यात जे आहे ते काढायचं, त्यात एक मिळवायचा, आणि परत डब्यात ठेवायचं."

"मग तसं सांगा ना. बरोबरचं चिन्ह कशाला काढता?"

त्या दिवशी मलाही ते कळलं. तोवर दोन आठवडे मी ते पाठ करत होतो.

डबा मात्र त्यांनी मनावर घेतला. फ्लॉपी वाकेल म्हणून त्या स्टीलच्या रिकाम्या डब्यातून आणायच्या. लॅबच्या दारात चपला काढायच्या, पदराला हात पुसायच्या, मगच कीबोर्डला बोट लावायच्या. एकदा घरी परतताना मी विचारलं, हे सगळं कशासाठी?

"आयुष्यभर उभ्याने वाढलं रे. एकदा मला खुर्चीत बसून काम करायचंय. कुणीतरी म्हणावं, बाई, ही तुमची खुर्ची."

घरी दत्तादादा खुर्चीतून म्हणायचा, "सायबीण इली. आता चाय कोण करतलो?" वहिनी हसून स्टोव्ह पेटवायच्या. दादा वाईट नव्हता. मला कॅरम त्यानेच शिकवला. बंद पडलेली गिरणी पुन्हा सुरू झाली की आपल्याला बोलावतील, असं तो तेव्हाही म्हणायचा, आणि त्याला कुणी उलट बोलायचं नाही.

कोर्स संपता संपता अंधेरीच्या एका कंपनीत आम्ही दोघांनी मुलाखत दिली. काम साधं होतं, हेल्पडेस्कवर बसून तक्रारी नोंदवायच्या. मजल्यावर फोन आमच्याच घरी, त्यामुळे वहिनींनीही अर्जात आमचाच नंबर दिला होता, पी.पी. म्हणून. दुपारी फोन आला. उद्या सकाळी दहाला सुलभाबाईंनी कागदपत्रं घेऊन यावं. मी माझं नाव विचारलं. "तुम्ही वेटिंगला आहात. त्या आल्या नाहीत तर तुम्हाला कळवू."

मी गॅलरीत आलो. वहिनी बाजारात गेल्या होत्या. दादा दारात होता. चाळीची रीतच होती, बाईमाणसाचा फोन आला की निरोप घरातल्या पुरुषाकडे द्यायचा. मी दिला.

"सांगतंय तिका," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी लॅबमध्ये वहिनींनी विचारलं, "तुझा आला का रे फोन?"

"नाही," मी म्हणालो. माझा आला नव्हताच. त्यांचा आला असता तर मी धावत सांगितलं असतं, असं त्या धरून चालल्या होत्या. मी मान खाली घालून टाईप करत राहिलो. काय टाईप करत होतो, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन आला.

मला नोकरी लागली तेव्हा वहिनींनी अख्ख्या मजल्याला शिरा वाटला. "आमच्या वर्गातला लागला," दारोदार सांगत होत्या. नंतर त्यांनी कुठे मुलाखत दिली नाही. "आपल्याला काही यायचं नाही रे बाबा," एवढंच म्हणाल्या, आणि खानावळीच्या चपात्या लाटत राहिल्या. मी हेल्पडेस्कवरून चढत चढत वर गेलो, चाळही सोडली.

गेल्या वर्षी दत्तादादा गेला. वहिनी आता चाळीच्या जागी उठलेल्या टॉवरमध्ये राहतात. भेटायला गेलो. दादाची खुर्ची खिडकीशी होती. वहिनी चहा ठेवून ओट्याशी उभ्या होत्या. मी बोलायला सुरुवात केली. फोन आमच्याकडे आला होता, मला वाटलं दादा सांगतील, चाळीची तशी पद्धतच होती, मी लहान होतो, माझाही गोंधळ होता. बराच वेळ बोललो.

वहिनींनी गॅस बंद केला. दादाच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"थांब मंगेश," त्या म्हणाल्या. "माझं डोकं मागे राहिलं. परत सांग."

या वेळी थोडक्यात झालं.

"वहिनी, ती नोकरी तुमची होती. मला ती हवी होती, म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."