चावी कुणाच्या गळ्यात

हे सांगायला लागले की माझा आवाज चढतो. चढू दे! घरचे म्हणतात, हळू बोल. मी म्हणते, त्या दिवशी बोटीवर तुम्ही होतात का? मी होते.

समुद्रकाठच्या कळंबला आमच्या दोन खोल्या आहेत, सुट्टीत येणाऱ्यांना भाड्याने देतो. आमचे हे मासेमारी करतात, आणि बोटीचं इंजिन दुरुस्त करावं तर यांनीच. म्हणून एका संस्थेने समुद्रापलीकडच्या एका देशातले दोन पोलीस आमच्याकडे शिकायला पाठवले. पोलीस आता हो! आधी त्यांच्या देशातल्या लढाईत एक सरकारी फौजेत होता, दुसरा बंडखोरांत. लढाई संपली, दोघांच्या अंगावर एकच गणवेश चढला. पण तिथले मच्छीमार अजून समुद्रात जायला घाबरत होते. गस्तीच्या बोटीवर समोरच्या बाजूचेच लोक असले तर? शेवटी असं ठरलं की बोटीवर दोन्हीकडचा एकेक माणूस ठेवायचा. ते एकेक म्हणजे आमचे हे पाहुणे. यांचं जमलं तर गस्त सुरू होणार, नाहीतर गावंच्या गावं किनाऱ्यावर बसून राहणार.

आणि जमतंय कसलं! एकाला मी लांब्या म्हणायचे, दुसऱ्याला टकल्या. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत. लांब्याने खाल्ल्याशिवाय टकल्या कालवणाला हात लावायचा नाही. एकदा माझं डोकंच फिरलं. "अरे, बोंबलाच्या कालवणात विष घालीन का मी?" त्यांना काय कळणार, डोंबल! पण मुकाट्याने जेवले.

जायच्या आदल्या आठवड्यात हे त्यांना घेऊन बोटीने समुद्रात निघाले. मीही हट्टाने चढले. जरा आत गेलो आणि कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याने बोटीचा पंखा धरला. यांनी इंजिन बंद केलं. आता कुणीतरी पाण्याखाली जाऊन जाळं कापायला हवं. आमच्याकडे रीत अशी, की जो खाली जाईल त्याच्याच गळ्यात इंजिनाची चावी. वर कुणी चुकून इंजिन चालू केलं तर खालच्याचे तुकडेच व्हायचे.

"पानी गढूळ हाय, मीच जातो," हे म्हणाले. पण लांब्याने केव्हाच सदरा काढला होता. यांनी चावीची दोरी त्याच्या गळ्यात घातली आणि खाणाखुणा करून कारणही सांगितलं. त्याने मान हलवली, सुरी घेतली, काठावर बसला. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्याने चावी गळ्यातून काढली. मला वाटलं, अडचण होत असेल. मी हात पुढे केला. माझा हात बाजूला सारून त्याने ती टकल्याच्या गळ्यात घातली आणि पाण्यात उडी मारली!

"अहो, काढून घ्या ती चावी!" मी किंचाळले. यांनी माझं मनगट धरलं. "गप. बघ नुसती."

टकल्या पांढराफटक पडला होता. त्याने चावी गळ्यातून काढली, इंजिनापासून दूर पार पुढच्या टोकाला गेला आणि मूठ वर करून उभा राहिला. सगळ्यांना दिसेल अशी. खालून ठकठक येत होती, जाळ्याच्या चिंध्या वर येत होत्या. लांब्या श्वास घ्यायला यायचा आणि परत खाली. वर धरून धरून टकल्याचा हात भरून आला. मलाच बघवेना. यांनी खूण केली, अरे, हात खाली घे. तो आमच्याकडून उचललेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "पहले वो ऊपर." आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट धरून तसाच उभा राहिला.

लांब्या एकदाचा बोटीत चढला, तेव्हा कुठे तो हात खाली आला. पण मूठ उघडेचना, बोटं आखडून गेली होती. लांब्या निथळत त्याच्यापाशी गेला. काहीतरी पुटपुटत त्याने आपल्या ओल्या हातांनी त्याचं एकेक बोट सोडवलं, चावी घेतली आणि इंजिन चालू केलं.

"निघाली! त्यांची गस्तीची बोट निघाली!" मी अशी बोंबलले की यांनी कानांवर हात ठेवले. रडत होते हो मी, आणि ते दोघं माझ्याकडे बघून हसत होते.