बारा आसनं, दौलतमामांची

आमच्या बाबांनी एका जिवंत माणसाचा चेहरा पुसला होता.

आज बाबांचा स्मृतिदिन. भाच्यानं सकाळीच त्यांचं मयूरासनाचं ऑइल पेंटिंग फॅमिली ग्रुपवर टाकलं. "काय बॉडी पेंट केलीय आजोबांनी!"

ती बॉडी दौलतमामांची आहे.
हे सांगणारी आता मी एकटीच उरलेय, म्हणून लिहितेय.

दौलतमामा हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या तालमीचे वस्ताद; नात्यातले नव्हेत, आम्ही पोरं मामा म्हणायचो. एका बैराग्याकडून आसनं शिकलेले. बाबा गावात शाळामास्तर.

निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचे दोन हिवाळे मामा रोज सकाळी आमच्या अंगणात यायचे. मी दहा वर्षांची.

ऑइलचं काम सावकाश. मयूरासन टिकतं जेमतेम मिनिटभर.
मामा दोन्ही तळहातांवर अंग आडवं तोलायचे. बाबा नुसतं बघायचे. मामा खाली आले की मग ब्रश.
पुन्हा वर. एका पोटरीसाठी वीस-वीस वेळा.

"तकलीफ होतेय का रे, दौलत?"
"न्हाई मास्तर. तुमी बराबर काढा. माझ्या आईनं वळखलं पायजे मला."

बारा चित्रं झाली. हिंगोलीतल्या नव्या व्यायामशाळेसाठी. जागा देणारे मालक बघायला आले, खूश झाले.
मग म्हणाले, "तोंड तेवढं आमचं लावा."

बाबा नाही म्हणतील असं वाटलं होतं मला.

बाबांनी चाकूनं बाराही चेहरे खरवडले, त्या जागी मालकांचा रंगवला. मालकांना धड मांडी घालून बसता येत नव्हतं.
मामांना कुणी काही कळवलं नाही.

उद्घाटनाला मामा आईला घेऊन आले, बैलगाडीतून. म्हातारी चित्रापुढे वाकली.
"दौलत, पाय तर तुझेच हायेत की रं."
मामांनी बाबांकडे पाहिलं. बाबा मालकांशी बोलत राहिले.
"न्हाई आई. मालक हायेत हे."

जाताना बाबांजवळ थांबले.
"मास्तर, सांगायचं तरी व्हतं."
बस. पुन्हा आमच्या अंगणात आले नाहीत.

घरी मी विचारलं, "बाबा, काहून केलं असं?"
"चेहऱ्याचं काय एवढं? हात तर माझाच ना!"

पुढे बाबा कॅलेंडर बघून देवच रंगवत राहिले. ढिले, बिनहाडांचे देव.
मामा गेल्याची खबर आली, तेव्हा बाबा ब्रश धूत होते. धूतच राहिले.

बाबा, तुमच्यावर जीव होता माझा. विश्वास मात्र त्या दिवशी गेला, तो परत आला नाही.

दौलतमामा, तुमचं आडनावही मला माहीत नाही.
आजची श्रद्धांजली तुम्हाला. फार उशीर झाला, माफ करा.